सेंटरला राहणारे काका

हॉटेलात राहायलाच जन्माला आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या आत्येचे दीर. दुर्दैव एवढंच की ते राहायचे दुबईत, अल क्वोजच्या लेबर कॅम्पात, बाराजणांच्या खोलीत. इमारतींना परांची बांधायचं त्यांचं काम. नव्वदच्या दशकात मी दुबईजवळच्या अजमानला संसार थाटला, तेव्हा त्या मुलखात आपलं म्हणावं असं एवढं एकच माणूस होतं. आम्ही त्यांना काका म्हणायचो.

वर्षातून एकदा, ईदच्या सुट्टीला, काका बर दुबईच्या जुन्या बाजारामागच्या एका हॉटेलात खोली घेत. हॉटेल साधंच, पण 'सेंटरला'. हा शब्द ते असा उच्चारत, की पृथ्वीचा आस त्याच जिन्यातून गेला असावा. खाली उतरलं की खाडी आणि पलीकडे नेणाऱ्या होड्या, जवळच जुना किल्ला. तरी काका खोलीबाहेर फारसे पडत नसत. दिवसभर मनसोक्त अंघोळी करत, कारण दाराबाहेर कुणी बादली आपटत नसे. रूमबॉय यायच्या आधी स्वतःच चादर इतकी ताणून घालत, की तो मल्याळी बिचारा ओशाळून जाई. आणि रिसेप्शनला बजावून ठेवत, पहाटे चारला उठवा. फोन वाजला की 'शुक्रिया' म्हणायचं आणि कूस बदलून पुन्हा झोपायचं. कॅम्पाच्या दारात त्या वेळी साइटची बस लागायची. तिला असं रिकामं परत पाठवण्यात त्यांना काय सुख होतं, ते त्यांनाच ठाऊक.

आमच्याकडे का येत नाही, म्हणून बायको एकदा रुसली. काका शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडे मी पाहुणा. पाहुण्याला शहाण्यासारखं वागावं लागतं. इथं मी गिऱ्हाईक."

गावी, सावर्ड्याजवळ, काकूंना ते फोनवर हॉटेलाबद्दलच सांगत. गादी कशी, गरम पाणी कसं, खिडकीतून काय दिसतं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. उरलेलं वर्ष तेवढं गाळलेलं असे. काकूंची समजूत झाली की आपला नवरा तिथंच राहतो.

मग मी व्हिसा काढला आणि काकू पहिल्यांदाच दुबईला आल्या. काकांनी तीच खोली घेतली. काकूंनी किल्ला पाहिला, जुन्या घरांवरचे वाऱ्याचे मनोरे पाहिले, होडीत बसल्या. सगळ्याला चांगलं म्हणाल्या. दुसऱ्या संध्याकाळी मी भेटायला गेलो, तेव्हा त्या पलंगाच्या कडेला बसून भिंती न्याहाळत होत्या.

"इथं तुम्ही ठोकलेला एक खिळा नाही," त्या काकांना म्हणाल्या. "टॉवेलसुद्धा यांचा. तुम्ही राहता कुठं?"

काका बराच वेळ एसीच्या बटणाशी खेळत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडी आणलीयस ना?"

आम्ही अल क्वोजला निघालो. गोदामं मागं पडली, कॅम्प आला. बायकांना आत सोडत नसत, म्हणून गाडी फाटकाबाहेरच उभी केली. दोरीवर कामाच्या निळ्या डांगऱ्या वाळत होत्या. नळावर माणसं रांगेत उभी होती. काकूंनी काच खाली केली आणि खिडकी कुठली, ते विचारलं. काकांनी बोट दाखवलं. पलंग वरचा की खालचा? वरचा. पंख्याचा वारा लागतो का? लागतो, थोडासा.

काका मान खाली घालून बसले होते. त्यांना वाटलं असावं की आता रडणं होईल, निदान बोलणी तरी खावी लागतील. काकू त्या खिडकीकडे पोटभर बघून म्हणाल्या, "बरं झालं दाखवलंत. आता फोन आला की मला दिसाल. इतकी वर्षं नुसता आवाज यायचा." मग पदराने चेहरा पुसून मला म्हणाल्या, "चल बाबा, यांना भूक लागली असेल."

उरलेले दिवस दोघं त्या हॉटेलात राहिली. सकाळी गेलो की खिडकी सताड उघडी, एसी बंद, आणि काका घामेजलेल्या अंगाने काकूंच्या हातचा चहा पीत बसलेले. स्टोव्ह आमच्याकडून मागवला होता. हॉटेलात चालतो का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

काकू गावी परतल्या. पुढच्या ईदला मी फोन केला, तर काका कॅम्पातच होते. मी खोली घेऊन देतो म्हटलं. नको म्हणाले.

"एकट्याला ती खोली मोठी होते रे."