चुलत्याने गाडलेला ताग

तालमीच्या फळ्यावर रोज बातम्या वाचणाऱ्या मंडळींनो, आज माझी बातमी वाचा.

गेल्या वर्षी नांगरटीसाठी चुलत्याचे बैल मागितले, तर तो चारचौघांत म्हणाला, "बैल न्हाईत तर आईला जुंप."

यंदा मी रानात तागाचे बी टाकले. ताग फुलावर आला की हिरवाच नांगरून मातीत गाडायचा. तो कुजला की जमीन भुसभुशीत होते, ऊस जोमाने येतो. पण बैल कुठले आणणार? उशीर झाला तर ताग निबर होईल, मग लवकर कुजणार नाही, या काळजीने जेवण जाईना. माझे बरे झालेले चुलत्याला बघवत नाही, म्हणून गावभर सांगत सुटलो, "ताग दोरखंडाला विकणार. लय पैसा हुईल. उद्या कराडला गिऱ्हाईक बघाय जातो."

आज सकाळी बांधाआड लपून बसलो. चुलता चार बैल घेऊन आला आणि त्याने माझा उभा ताग नांगराखाली घातला. काम संपत आल्यावर मी पुढे झालो.

"आबा, गाडायलाच लावला व्हता. तेवढा कोपरा ऱ्हायलाय बगा."

आईने बैलांना भाकरी चारली. चुलत्याला पाणीही विचारले नाही.

मला जराही वाईट वाटत नाही. तुम्हाला वाटले असते का?