सदऱ्याच्या आकाराची फरशी

आमचे सुभेदार सैन्यातून निवृत्त होऊन साताऱ्याला आले तेव्हा त्यांनी कोरेगाव रस्त्याला घर बांधलं आणि वरच्या मजल्यावर चार खोल्या काढल्या. पुढं मुलं नोकरीसाठी बाहेर गेली, खोल्या रिकाम्या पडल्या, म्हणून आम्ही भाडेकरू ठेवले. चौघंही जवळच्या कॉलेजात शिकवणारे आणि शिकवता शिकवता पीएच.डी. करणारे. सुभेदारांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत. पलटणीत कामावरून हाक मारायची सवय, तशाच त्यांनी या चौघांना हाका ठरवून टाकल्या. राखवाला, शाळूवाला, बेदाणेवाली आणि गणितवाली. रात्रीचं जेवण चौघं आमच्याकडंच जेवायचे, त्यामुळं त्यांचं संशोधन थोडंथोडं माझ्या ताटातही पडायचं.

राखवाला लोणंदचा. साखर कारखान्याच्या बॉयलरात उसाचं चिपाड जाळलं की जी राख उरते, ती सिमेंटमध्ये मिसळून तो फरश्या करायचा आणि मग त्या मशीनमध्ये दाबून फोडायचा. इतकं करून फोडायच्या कशाला, हे सुभेदारांना शेवटपर्यंत पटलं नाही. शाळूवाल्यानं गच्चीवर उंच उंच पाईप उभे करून त्यांत माती भरून शाळू, म्हणजे थंडीतली ज्वारी, लावला होता. पाणी तोडल्यावर मुळं किती खोल जातात, ते त्याला बघायचं होतं. तो पाईप उभे चिरून मुळं धुवायला बसला की जिन्यातून चिखल वाहायचा आणि खाली सुभेदार ओरडायचे, "बूट काढ रं! आधी बूट काढ!"

बेदाणेवाली तासगावची. द्राक्ष वाळताना हिरवं राहतं ते कशामुळं आणि तपकिरी पडतं ते कशामुळं, हा तिचा विषय. "चिरलेलं सफरचंद काळं पडतं ना काकू, तसंच हे. फक्त सावकाश," असं तिनं मला एकदा सांगितलं आणि मला ते कळलंही. जेवण झालं की ती छोट्या वाट्या मांडायची आणि कुठला बेदाणा कसा लागला ते आम्हाला विचारायची. सुभेदारांचं उत्तर ठरलेलं, "शेवटची वाटी फर्स्ट क्लास." तिनं वाट्यांची जागा बदलून पाहिली. तरी शेवटचीच वाटी फर्स्ट क्लास.

"काका, तुमचे मार्क मी आता धरत नाही," ती म्हणाली.

"मग खायाला कशाला देतीस?"

"काकू एकट्या खाताना बऱ्या दिसत नाहीत म्हणून."

राहिली गणितवाली. ती कवठे महांकाळकडची. तिच्या घरचे पूर्वी मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे, आता शेती करतात आणि थोडी मेंढरंही आहेत. पोरगी अबोल. तिच्या खोलीत ना पाईप, ना राख, ना कसला वास. नुसते कागद. "ही नक्की करती काय?" सुभेदार मला विचारायचे. "बाकीच्यांचा कचरा तरी दिसतो!"

मग एका उन्हाळ्यात अंगणाखालची सांडपाण्याची पाईप फुटली. ती काढायला अंगण उकरावं लागलं आणि जुन्या शहाबादीचे तुकडे झाले. नवी फरशी घालायची ठरली. सुभेदारांच्या डोक्यात नकाशा तयार होता. एक लाल, एक पांढरा, चौकोनाला चौकोन, दारातून फाटकापर्यंत सरळ रांगा.

राखवाल्यानं जेवताना ते ऐकलं आणि त्याचा घास हातातच राहिला. "काका, माझ्या फरश्या घाला ना. मशीनखाली किती टिकतात ते कळलंय. माणसांच्या पायाखाली किती टिकतात ते कळायचंय."

सुभेदारांनी विचार केला आणि हो म्हणाले. आणि तेवढ्यात, एरवी मीठसुद्धा हात लांब करून घेणारी गणितवाली बोलली, "चौकोनीच पाहिजेत का?"

तिनं जुन्या कॅलेंडरच्या कागदातून एक आकार कापून ताटाशेजारी ठेवला. वाकडातिकडा, तेरा बाजूंचा. मला तो वाळत घातलेल्या लहान पोराच्या सदऱ्यासारखा दिसला. एक बाही जरा वर झालेली.

"हा एकच आकार घेऊन कितीही मोठं अंगण भरता येतं," ती म्हणाली, "मध्ये फट राहत नाही. आणि तरी चौकोनांसारखी तीच ती रांग पुन्हा येत नाही. असा एकटा आकार असू शकतो का, हे लोक कित्येक वर्षं शोधत होते. आता अलीकडे सापडलाय. माझं काम त्याच्यावरच आहे. भरताना मध्ये भोक राहिलं, तर ते एकाच रीतीनं भरतं की अनेक, असलं काहीतरी."

"म्हंजे लाईनच न्हाई?" सुभेदार म्हणाले.

"नाही."

"दायें देख म्हटलं तर कुणी दायें देखनार न्हाई?"

"नाही काका."

"मग ते अंगण हाय का बाजार?"

आता माझं सांगते. लग्नानंतर माझं अर्धं आयुष्य छावणीच्या क्वार्टरांत गेलं. जालंधरला असो की जबलपूरला, तेच दार, तीच मोरी, तीच फरशी. एकदा भाजी घेऊन आले, आत गेले, चहाला पाणी ठेवलं आणि साखरेचा डबा सापडेना म्हणून हाक मारली, तर आतून टॉवेल गुंडाळलेले एक मद्रासी हवालदार बाहेर आले. मी शेजारच्या रांगेतल्या क्वार्टरात शिरले होते. ते बिचारे इतके घाबरले की त्यांनीच मला साखर काढून दिली.

तेव्हा मी म्हटलं, "आवं, आयुष्यभर लायनीतच राहिलोय. आता मला न जुळणारंच अंगण पाहिजे."

सुभेदार ताटावरून उठले. पण 'नाही' म्हणाले नाहीत, आणि आमच्या घरात त्याचा अर्थ 'हो' असाच होतो.

लोणंदला राखवाल्याच्या चुलत्यांची पेव्हिंग ब्लॉकची शेड आहे. तिथं त्यानं साचा करून घेतला, फरश्या पाडल्या, त्यांना पुरेसं पाणी पाजलं आणि टेम्पो भरून आणला. राखाडी, गुळगुळीत फरश्या. मला तर आवडल्या. गवंडी आला, त्यानं दोरी बांधली, दोरीकडं बघितलं, हातातल्या फरशीकडं बघितलं आणि दोरी सोडून खिशात घातली. "वैनी, हिची सरळ बाजू कुठली?"

गणितवाली कागदावरचा नकाशा घेऊन त्याच्या शेजारी उकिडवी बसली. हे इथं, ते असं फिरवून. थोडं अंगण भरलं आणि ती थांबली. "आता एक उलटी द्या."

राखवाल्यानं एक फरशी उचलून पालथी घातली. बसली. अगदी बरोबर बसली. पण वर आली ती खडबडीत पाठ, चाळणीसारखी.

"हे काय?" ती म्हणाली.

"उलटी."

"उलटी म्हणजे पालथी नव्हे! आरशातली! कागदावर पालथी घातली तरी चालते, कागदाला पाठ नसते. फरशीला उलटा साचाच वेगळा लागतो. मी सांगितलं होतं, काही उलट्या लागतात!"

"मी ऐकलं की. बसवताना पालथ्या घालायच्या, असंच वाटलं मला!"

"सात-आठ फरश्यांत एक तरी लागते. तिच्याशिवाय पुढं जाताच येत नाही. हे गणित आहे, माझी हौस नाही!"

त्या पोरीचा आवाज एवढा मोठा आहे हे आम्हाला त्या दिवशी समजलं. गच्चीवरून शाळूवाला डोकावला. राखवाल्याचं तोंड त्याच्या राखेसारखं झालं. गवंड्यानं थापी धुतली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "वैनी, मी जातो. डोळं मिटलं तरी सदरंच दिसाय लागल्यात. जोड भरायला बोलवा, येतो."

सुभेदार खुर्चीत बसून हे बघत होते. मला वाटलं, आता म्हणणार, चौकोन घाला. पण ते राखवाल्याला म्हणाले, "तोंड पाडून काय हुतंय? दुसरा साचा कर. गलती झाली, सुधार. चल, मी येतो लोणंदला."

आणि खरंच स्वतः गेले. आरशातला साचा झाला. मात्र या खेपेला राख दुसऱ्या हंगामातली मिळाली आणि उलट्या फरश्या चांगल्याच काळपट निघाल्या. राखवाला पुन्हा हिरमुसला. गणितवालीनं मात्र एक उचलली, उन्हात फिरवली आणि म्हणाली, "हे तर बरंच झालं. उलट्या कुठल्या ते लांबून दिसंल. आमच्या कळपात अशीच असत्यात, मधीच एक काळं." ती आनंदात असली की तिची बोली बदलायची. तोवर मला ते माहीत नव्हतं.

गवंडी नव्हता, म्हणून सगळ्यांनीच बसवायला घेतलं. शाळूवाला माती चाळायचा अनुभव असल्यासारखा वाळू चाळत होता. बेदाणेवाली लाकडी हातोडीनं ठोकत होती. सुभेदार आधी नुसता चहा देत होते. मग म्हणाले, "ही हितं बसंल का?" आणि एक फरशी ठेवली. बसली. छाती फुगली. आणखी एक ठेवली. तीही बसली. तिसऱ्या-चौथ्या फरशीला मात्र अशी एक खाच राहिली की कुठलीच फरशी तिच्यात जाईना.

"काका, चूक इथं नाहीये," गणितवाली हळूच म्हणाली. "चूक तुमच्या पहिल्या फरशीत आहे. आत्ता दिसली एवढंच."

सगळं उचकटलं. त्यानंतर प्रत्येक फरशी ठेवण्याआधी सुभेदार गणितवालीकडं बघायचे आणि तिनं मान हलवली तरच ठेवायचे. छत्तीस मुलखांत कुणाला न विचारता हुकूम देणारा माणूस! मी आत जाऊन पदर तोंडाला लावून हसले.

अंगण भरलं. गवंड्यानं येऊन जोड भरले. दुसऱ्याच दिवशी सकाळी सुभेदार विजय मिळाल्यासारखे ओरडले, "सापडलं! सापडलं! ह्यो काळा आन त्याच्या भवतीचे राखाडी, आन तिकडं तुळशीपाशी बघ. डिट्टो! म्हणत हुतीस ना परत येत न्हाई?"

गणितवाली दात घासता घासता खाली आली. "छोटे घोळके परत येतात काका. सगळं अंगण परत येत नाही." आणि सुभेदारांचा चेहरा बघून ती वर गेली आणि बेदाणेवालीकडून बेदाण्याच्या शेडवर टाकायच्या पारदर्शक प्लॅस्टिकचा मोठा तुकडा घेऊन आली. अंगणाचा चांगला मोठा भाग तिनं त्याच्यावर मार्करनं गिरवला. "आता हे प्लॅस्टिक उचला, फिरवू नका, नुसतं सरकवा. सगळ्या रेघा खालच्या सगळ्या रेघांवर बसल्या तर मी पीएच.डी. सोडते."

त्यानंतर सुभेदार सकाळचं फिरणं सोडून प्लॅस्टिक सरकवू लागले. गुडघ्यावर बसायचे, कोपरा धरायचे. कडेला जुळायचं, मध्ये बिनसायचं. मध्ये जुळवलं की कडा रुसायच्या. दूधवाला उंबऱ्यात उभा राहून विचारायचा, "काका, काय हरवलंय?" शेवटी एकदा त्यांनी प्लॅस्टिकची घडी घातली, कपाटात ठेवली आणि मला म्हणाले, "पोरगी खरं बोलती." त्यांच्या तोंडून याहून मोठी पदवी मी कुणाला मिळालेली ऐकली नाही.

फरशीला खोड एकच निघाली. बेदाणेवालीच्या हातून एकदा, वाळवण्याआधी द्राक्षं बुडवतात त्या तेलाची बाटली सांडली आणि फरशीनं ते असं पिऊन टाकलं की दारातच काळा डाग पडला. सुभेदारांनी आकाशपाताळ एक केलं. राखवाला धावत आला, आणि डागाजवळ बसून इतक्या आनंदानं फोटो काढायला लागला की सुभेदारांना रागवायला कुणी उरलंच नाही. "किती आत गेलंय ते बघायला हवं! ही एक फरशी काढू का काका?" त्याला ती काढू दिली नाही. डाग आहे तिथं आहे.

पावसाळा संपल्यावर गणितवालीचे वडील आले. पांढरा पटका, खांद्यावर टॉवेल, बोलायला लेकीसारखेच कमी. ती इतकी वर्षं काय शिकते, हे गावात कुणी विचारलं तर ते 'गणित' एवढंच सांगायचे आणि लोक म्हणायचे, अजून?

ती त्यांना अंगणात घेऊन उभी राहिली. "आबा, ह्येच माझं काम."

ते पायताण काढून फरशीवर आले. एका काळ्यापासून दुसऱ्या काळ्यापर्यंत चालत गेले. वाकून हात फिरवला. "एकच साचा?"

"एकच. आन त्योच आरशातला."

"आन नक्षी परत येत न्हाई?"

"न्हाई."

"किती बी लांब नेली तरी?"

"किती बी."

"म्हंजे संपतच न्हाई ह्ये?"

"न्हाई आबा. संपत न्हाई."

त्यांनी लेकीकडं बघितलं. "मग तू घरला कवा येनार?"

आधी सुभेदार हसले, मग मी, मग ती. आबांना आपण काय विनोद केला ते कळेना. पण ती हसता हसता डोळे पुसायला लागल्यावर त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तिच्या हातात दिला आणि दुसरीकडं बघत राहिले. दिवाळीला येते म्हणाली. आली नाही, प्रबंध लिहीत होती. उन्हाळ्यात मात्र गेली आणि महिनाभर राहिली. आता ती सांगलीला एका कॉलेजात शिकवते. गाव जवळ पडतं.

त्या दिवशी आबा निघाले तेव्हा राखवाल्यानं उरलेल्या फरश्यांतली एक काळी त्यांना भेट म्हणून दिली. एवढं ओझं म्हातारा एसटीतून कसं नेणार, म्हणून मी नको नको म्हणत होते, पण त्यांनी ती टॉवेलात गुंडाळून काखेत मारली. नंतर कळलं की गावी गेल्यावर ती त्यांनी चुलीशेजारी ठेवलीय आणि गणितवालीची आई तिच्यावर गरम तवा उतरवते. राखवाल्याला हे कळल्यापासून तो दर महिन्याला फोन करून विचारतो, तडा गेला का? आई म्हणतात, न्हाई गा बाबा, पर तू जेवलास का?