हेवी डिपॉझिटचं घर

दुसरं घर घ्यायचं खूळ आमच्या ह्यांच्या डोक्यातलं. "अगं, भाडं येईल, त्यात हप्ता जाईल, घर आपोआप फिटेल." आपोआप! आमच्या विरारच्या घरात आपोआप फक्त दुधाचा भाव वाढतो. तरी नायगावला एक खोली-स्वयंपाकघर घेतलं. म्हटलं, लेकीच्या शिक्षणाला आधार होईल.

ताबा घ्यायला गेलो तर बिल्डरने सोसायटीचे आगाऊ पैसे, मीटरचे पैसे, पार्किंगचे पैसे मागितले. पार्किंग! आमच्याकडे साधी सायकल नाही. लेकीची फी तोंडावर आलेली. तेव्हा एजंट म्हणाला, "ताई, हेवी डिपॉझिटवर द्या ना." म्हणजे भाडं नाही, भाडेकरूने एकरकमी मोठी रक्कम द्यायची, घर सोडताना आपण ती जशीच्या तशी परत करायची. इकडे सर्रास चालतं.

भाडेकरू मिळाले राजोडीचे. निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे मिस्टर, ख्रिस्ती जोडपं. गावचं जुनं घर पाडून नवीन बांधत होते, तोवर नायगावला लेकीच्या घराजवळ राहायचं होतं. माणसं सोन्यासारखी. त्यांचे पैसे आले आणि बिल्डरच्या घशात गेले. उरले ते फीमध्ये आणि हप्त्यांत. त्या महिन्यात मी पापलेट भाव न विचारता घेतलं, खोटं कशाला बोलू!

मग एके दिवशी बाईंचा फोन. "बाय, आमचं घर होत आलं गो! घराला आशीर्वाद द्यायला फादर येणार, तुम्ही दोघांनी यायचंच." मी म्हटलं, "अय्या, किती छान!" आणि मटकन खाली बसले. पुढे त्या हळूच म्हणाल्या, "डिपॉझिटचं तेवढं बघाल ना? लादीवाल्याला द्यायचेत."

ह्यांना सांगितलं तर म्हणे, नवा भाडेकरू आणू, त्याचं डिपॉझिट घेऊन बाईंना देऊ. सगळे तसंच करतात म्हणे. पण आम्हाला भाडेकरू मिळेना. जो येईल तो आधी नळ उघडायचा. नळातून नुसता खर्र आवाज. मी "टँकर येतो ना" म्हणायच्या आत माणूस जिन्यात! घर विकावं तर कर्ज फिटून हाती काही उरेना. जेवण जाईना मला. नव्या घरी राहायला गेल्यावर बाईंनी एकदा राजोडीहून वालाच्या शेंगा पाठवल्या. पैशांचं अवाक्षर नाही. त्या शेंगा सोलताना मला रडूच आलं. चिडून बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटी एजंटच म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक विरारच्या घराला आहे. तिथे पाणी आहे."

आमच्या राहत्या घराला! मी त्याच्यावर अशी खेकसले की काय सांगू. पण दुसरा मार्ग होता कुठे? विरारचं घर हेवी डिपॉझिटवर दिलं, बाईंचे सगळे पैसे चुकते केले, आणि तिघं जण नायगावच्या त्या एका खोलीत आलो. लेक स्वयंपाकघरात अभ्यास करते. मी कुकर लावला की ती कानात बोटं घालते.

किल्ली देताना विरारच्या नव्या भाडेकरूने विचारलं होतं, "तुम्हाला घर परत कधी लागेल, वहिनी?" मी तोंड उघडलं, उद्याच म्हणणार होते. हे घाईघाईने म्हणाले, "छे छे, राहा की निवांत!" नंतर कळलं, बरोबर बोलले. भाडेकरूच्या रकमेतलं आमच्याकडे काही उरलेलं नाही.

आता त्या भाडेकरूचा फोन आला की मी दोन रिंगा जाऊ देते, मग उचलते. परवा आला, तेव्हा लेक म्हणाली, "आई, ते घर सोडतायत का? आपण जायचं का परत?" किती आशेने विचारलं पोरीने! आणि मी मनात म्हणत होते, देवा, नको सोडू देऊस.

बाथरूमचा नळ गळत होता, एवढंच. प्लंबरचे पैसे लगेच पाठवते म्हटलं, आणि आणखी काही अडचण असेल तर सांगा, असंही म्हटलं.