दोन बांध्यांचा गुणाकार

माझा हात लवकर उठतो. लहानपणी मी भावाचं बोट दारात चेंगरलं, त्यानं माझं डोकं भिंतीवर आपटलं, आणि बाबांनी दोघांनाही बैल हाकायच्या काठीनं, तुतारीनं झोडपून काढलं. आमच्या घरात माया अशीच चालायची.

दिवाळीनंतर मी दवनीवाड्याजवळच्या आमच्या गावी आले ती टोपोलॉजीचा, म्हणजे आकारांच्या गणिताचा, प्रबंध घेऊन. आठवड्याभरात तो द्यायचा होता. भाऊ खळ्यावर धान चुरत होता.

"चार वर्सं काय करून राहिली, सांग त," तो म्हणाला.

मी काडीनं मातीत आकृती काढली. खाली एक आकार आणि वर त्याचं पांघरूण, खालच्या प्रत्येक बिंदूवर दोन बिंदू. वरच्या दोन्ही बिंदूंवरच्या माहितीची बेरीज करून ती खाली उतरवायची, याला ट्रान्सफर म्हणतात. आकारांना बीजगणित जोडणाऱ्या कोहोमोलॉजीतल्या ठरावीक क्रिया वर करून उतरवा, नाहीतर उतरवून करा, उत्तर एकच येतं. "गुणाकाराचंही तसंच," मी सहज म्हणाले. माझं अख्खं तिसरं प्रकरण या एका ओळीवर उभं होतं.

भाऊ थांबला. बांधांनी अडवलेल्या शेताच्या तुकड्यांकडे बोट करून म्हणाला, "दोन बांध्या हायेत. लांबीत लांबी मिळवली, रुंदीत रुंदी, मंग गुनलं, त दोन्हीपेक्षा जास्त येते. तेवढी जमीन कोठून आनशील, बाई?"

माझी ओळ खोटी होती, मला तिथंच कळलं. त्यात तो हसला.

मी पूर्ण ताकदीनं त्याच्या कानशिलात हाणली. त्यानं केस धरून माझं तोंड धानाच्या तणसात दाबलं. मी त्याच्या मनगटाला रक्त येईस्तोवर चावले. वहिनीनं बादलीभर पाणी ओतलं तेव्हा आम्ही सुटलो. त्या क्षणी त्याचा जीव घ्यावासा वाटत होता, कारण चूक माझी होती.

तो कान दाबून बसला होता. तसाच माझ्या आकृतीकडे बघत म्हणाला, "रुंदी दोघींची एकच असन त चालते. लांब्या मिळव अन् मंग गुन."

नेमकं तेच होतं. एक गुणक खालूनच वर नेलेला असेल, तर तो दोन्हीकडे सारखा असतो आणि गुणाकार शाबूत उतरतो. प्रकरण निम्मंच उरलं, पण उभं राहिलं.

पदवी मिळाली तेव्हा पहिला फोन त्यालाच केला. मी बोलत सुटले.

"थांब," तो मधेच म्हणाला, "तू मारलं त्या कानाले फोन लावला होता, आयकू नाही आलं. आता सांग."