दगड घेऊन फिरणारे डेमोकाका

शोरूममध्ये आल्या आल्या ते आधी बुटाच्या टोकाने पेरणी यंत्राच्या फणाला एक लाथ घालत. फण मागे सरके, स्प्रिंग कुरकुरे, आणि ठण्‌ आवाज करून फण जागेवर येई. मग ते आमच्याकडे वळून म्हणत, "पाहिलं? आपलं आपण सांभाळून घेतं." त्यानंतर चपराशाकडून चहा मागवत. देवाला नमस्कार नंतर.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा माणूस असेल, ज्याला स्वतःचा माल विकता विकता त्याचाच भक्त होऊन बसायची सवय असते. आमचे डेमोकाका तसे होते. मूळचे शिरपूरकडचे, राहायला सुरतेच्या डिंडोलीत, नोकरीला पांडेसऱ्यामागच्या आमच्या छोट्या कारखान्यात. मी तिथे फोन घ्यायचे, आणि शेठना गुजरातीत सुचलेली माहितीपत्रकं खानदेशातल्या दुकानदारांसाठी मराठीत उतरवायचे. काकांचं काम गावोगाव जाऊन यंत्र चालवून दाखवायचं. म्हणून डेमोकाका. पगारपत्रकावर त्यांचं काही वेगळं नाव होतं. ते फक्त पगाराच्या दिवशी आठवायचं.

आमच्या यंत्राची सगळी मिजास त्या स्प्रिंगवर होती. साध्या यंत्राचा फण जमिनीतल्या दगडावर आदळला की वाकतो, नाहीतर मोडतो. आमच्या प्रत्येक फणाच्या पाठीशी एक जाड स्प्रिंग. दगड आला की फण मागे होऊन वर उचलला जाणार, दगड ओलांडणार, आणि स्प्रिंग त्याला ओढून पुन्हा मातीत बसवणार. ट्रॅक्टर थांबवायला नको, खाली उतरायला नको. काका हे सांगताना डाव्या हाताचा दगड आणि उजव्या हाताचा फण करत. ते इतक्या वेळा केलेलं होतं, की लग्नात पंगतीला बसले तरी दोन्ही हात आपोआप त्याच वळणाने फिरत.

अडचण एकच होती. आमची बहुतेक प्रात्यक्षिकं चलथाण-बारडोलीच्या बाजूला व्हायची, आणि तिथली जमीन म्हणजे काळं लोणी. दगड औषधालाही सापडत नाही. दगडापासून वाचवणारं यंत्र बिनदगडाच्या शेतात दाखवायचं कसं? काकांनी त्यावर तोडगा काढला. गावाहून एक काळा दगड आणला आणि गोणपाटात गुंडाळून टेम्पोत कायमचा ठेवला. शेतात पोचलं की ते तो दगड स्वतः पुरत, शेजारी काडी रोवत, ट्रॅक्टर बरोबर त्याच्यावरून न्यायला लावत आणि फण उचलला की टाळ्या घेत. मग दगड उकरून, झटकून, पुन्हा गोणपाटात. एकदा एका शेतकऱ्याने विचारलं, "भाई, आमच्याकडे तर दगड नाहीतच. मग याचा उपयोग काय?" काका म्हणाले, "आज नाहीत. उद्याचं कोणी सांगावं?" त्या भल्या माणसाने यंत्र घेतलं.

ते वाक्य, आपलं आपण सांभाळून घेतं, त्यांनी सगळ्याला लावलं होतं. ऑफिसचं छत गळायला लागलं, तेव्हाही हेच. शेठ चिडले, हेच. माझ्या धाकट्या भावाची डायिंग मिलमधली नोकरी गेली आणि मी तोंड पाडून बसले होते, तेव्हा त्यांनी समोर केळ्यांचा घड ठेवला आणि म्हणाले, "ताई, घाबरू नका. आपलं आपण..." मी म्हटलं, "काका, माणसाला स्प्रिंग नसते." ते केळी तिथेच ठेवून निघून गेले. दुपारी परत येऊन म्हणाले, "माझा साडू दुसऱ्या मिलमध्ये बॉयलरवर आहे. भावाला उद्या त्याच्याकडे पाठवा." भाऊ अजून तिथेच आहे.

मग बारडोलीजवळचा तो शेतकरी मेळावा आला. शेठनी मैदानाचा सगळ्यात पुढचा कोपरा मिळवला होता, कारण उद्घाटनाला एक मोठे पाहुणे येणार होते. कोण ते सांगत नाही. गळ्यात हार आणि मागे दहा-बारा माणसं असली की कोणीही चालतं. काकांनी सकाळी लवकर जाऊन आपला दगड पुरला. थोडा वर दिसेल असा, म्हणजे पाहुण्यांना वाकायला नको.

पाहुणे आले. यंत्राला हार घातला. नारळ हातात दिला, आणि फोडायला काही कठीण हवं म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळ्या मैदानात कठीण अशी एकच वस्तू होती. त्यांनी नारळ काकांच्या दगडावर फोडला. गुरुजींनी सवयीने दगडावर कुंकू वाहिलं, फूल ठेवलं. मागच्या एका आजोबांनी पुढे येऊन दोन्ही हात जोडले. झालं. त्यांच्या मागे रांग लागली.

"आता चालवा," शेठ म्हणाले.

ट्रॅक्टरवाला खाली उतरला. म्हणाला, "यावरून नाही नेणार. कुंकू लागलंय."

काका म्हणाले, "अरे, माझा दगड आहे तो. टेम्पोतून आणलाय."

रांगेतले आजोबा त्यांच्याकडे अशा नजरेने बघायला लागले, की काका दोन पावलं मागे सरले. शेवटी ट्रॅक्टर दगडाला वळसा घालून, रोटाव्हेटर फिरवलेल्या मऊ मातीतून एक फेरी मारून आला. एकही फण एक बोटभर हलला नाही. पाहुणे म्हणाले, "अति उत्तम तंत्रज्ञान." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्या दिवशी जेवढी मागणी आली, तेवढी कधी आली नव्हती. दगड काकांना परत मिळाला नाही. संध्याकाळपर्यंत त्याच्याभोवती विटांचा चौकोन झाला होता.

परत येताना टेम्पोत शेठ खुशीत होते. काका रिकाम्या गोणपाटाची घडी घालत बसले होते. "काय झालं?" मी विचारलं. म्हणाले, "ताई, न दाखवताच विकलं गेलं. हे बरं नाही." मला तेव्हा ते दगडाच्या दुःखाचं बोलणं वाटलं.

शेठनीही त्या दिवसातून धडा घेतला, पण वेगळा. स्प्रिंग न हलता यंत्र विकलं जातं, तर एवढी भारी स्प्रिंग कशाला? पुढच्या मालाला त्यांनी दुसरीकडून हलक्या स्प्रिंगा आणल्या. रंग तोच, चकाकी थोडी जास्तच. काकांनी नव्या यंत्राला नेहमीची लाथ घातली. फण मागे गेला आणि जरा विचार करून, आळस दिल्यासारखा पुढे आला. ठण्‌ झालंच नाही. काका शेठच्या केबिनमध्ये गेले आणि लगेच बाहेर आले. "काय म्हणाले?" मी विचारलं. "म्हणाले, लाथ मारायची सवय सोडा."

त्या मालातलं एक यंत्र नवापूरकडच्या एका बचत गटाने घेतलं. डोंगराच्या पायथ्याच्या बायका, सगळ्यांनी मिळून घेतलेलं. एकीच्या शेतातून दुसरीच्या शेतात असं ते फिरणार होतं. गटाच्या अध्यक्षबाई स्वतः सुरतेला येऊन गेल्या होत्या. त्यांनी काकांना विचारलं होतं, "आमच्याकडे मातीपेक्षा दगड जास्त. चालेल ना?" आणि काकांनी जुनं यंत्र दाखवून सांगितलं होतं, "तुमच्यासाठीच केलंय." ती एक गोष्ट ते अगदी खरी बोलले होते. पाठवताना मात्र शेठनी नवीन माल पाठवला.

पेरणीच्या दिवसांत अध्यक्षबाईंचा फोन आला. आधी त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ पाठवला होता. ट्रॅक्टर पुढे चाललेला, आणि तीन-चार फण दगडावरून उचलले गेलेले ते तसेच वर, बगळ्यासारखे एक पाय दुमडून. खाली बी उघड्यावर पडत होतं आणि मागून कावळे चालत होते.

"काकांना द्या," बाई म्हणाल्या.

काकांनी फोन घेतला. "घाबरू नका ताई, ते आपलं..." एवढं बोलले आणि थांबले. बराच वेळ नुसते ऐकत होते. मग म्हणाले, "ट्रॅक्टर उभा करा. मी येतो."

शेठनी त्यांना दारात अडवलं. "ड्रायवरनी भूल छे. एम लखी नाखो." चालवणाऱ्याची चूक आहे असं लिहून टाका, म्हणजे प्रश्न मिटला. काका म्हणाले, "लिहितो, आल्यावर." आणि नवापूरची बस पकडायला गेले.

दुपारी मी काळजीने अध्यक्षबाईंना फोन लावला. त्या हसत होत्या की चिडल्या होत्या, कळेना. "अहो, तुमचे साहेब दगड वेचतायत."

"म्हणजे?"

"पँट वर केलीय, चप्पल काढलीय. ट्रॅक्टर मागून हळूहळू, आणि हे पुढे. दगड दिसला की उचलून बांधावर. म्हणतात, ओल जायच्या आत पेरलं पाहिजे. आम्ही म्हटलं, साहेब, तुम्ही बसा, आम्ही वेचतो. तर म्हणतात, नाही, सांगितलं मी होतं."

मग बायकाही उतरल्या. दगडापासून वाचवणाऱ्या यंत्रासाठी सगळ्या गटाने दगड वेचले, आणि त्या दिवशी एक शेत पेरून झालं. कोणीतरी त्याचा फोटो काढून धन्यवाद म्हणून आमच्या ऑफिसच्या नंबरवर पाठवला.

दुसऱ्या दिवशी काका शोरूम उघडायच्या वेळी हजर. येताना नवापूरच्या त्या ढिल्या स्प्रिंगा पोत्यात घालून आणल्या होत्या. शोरूमच्या जुन्या यंत्राच्या भारी स्प्रिंगा त्यांनी एकेक करून काढल्या आणि त्यांच्या जागी ढिल्या लावल्या. शेठ आले तेव्हा काका पोत्याचं तोंड बांधत होते.

"आ शुं करो छो? चोरी?"

"चोरी कसली? अदलाबदल." काकांचा आवाज नेहमीसारखाच होता. "इथे फरशी आहे, शेठ. शोरूममध्ये दगड लागत नाही. तिथे लागतो."

शेठ त्यांच्यावर ओरडले नाहीत. ते फार थंड आवाजात म्हणाले, "मग तिथेच जा. इथे परत येऊ नका." काका पोतं उचलायला वाकले. पोतं जड होतं. मी आणि चपराशाने ते रिक्षापर्यंत उचलून नेलं. रिक्षात बसताना काका म्हणाले, "ताई, त्या बाईंना फोन करा. दुपारच्या आत पोचतो म्हणावं."  मीच रडवेली झाले होते, तर मला म्हणाले, "भावाला मी विचारलं म्हणून सांगा."

आता पुढचं ऐका. महिनाभरात नवीन माहितीपत्रक निघालं. पहिल्याच पानावर काकांचा फोटो. पँट वर केलेली, हातात धोंडा, मागे आमचं यंत्र. शेठना तो ऑफिसच्या मोबाईलवर सापडला होता आणि फार आवडला होता. खाली गुजरातीत ओळ होती, मी ती मराठी केली: 'विक्रीनंतरही आम्ही शेतकऱ्यांसोबत, थेट शेतात.' लोकांवर त्याचा चांगला परिणाम झाला. शोरूममध्ये येणारी माणसं विचारायची, "हे भाई कुठे आहेत? यांनाच पाठवा आमच्याकडे." शेठ न अडखळता सांगायचे, "ते फील्डवर आहेत."

ते खोटंही नव्हतं. काकांना खेतियाच्या बाजूला दुसऱ्या एका कंपनीत काम मिळालं होतं. ते फवारणी पंप दाखवत फिरत होते. घरी काकू एकट्याच.

दिवाळीच्या आधी नवापूरच्या बसने आमच्या नावावर भुईमुगाच्या शेंगांचं एक पोतं आलं. मागोमाग अध्यक्षबाईंचा फोन. "काकांना वानवळा पाठवलाय. पहिल्या काढणीचा आहे. त्यांच्या घरी पोचवा." मी काही करायच्या आत शेठनी पोत्याचं तोंड सोडून मूठभर शेंगा घेतल्या. फोडून खाल्ल्या. "सरस छे," म्हणाले. "बघा, ग्राहक किती खूश आहे. याचा फोटो काढून ठेवा." मी पोत्याचं तोंड बांधलं आणि सुट्टी टाकून डिंडोलीला गेले.

काकू तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. खोलीसमोर गॅलरी, गॅलरीत कपडे, खाली बारा महिने तुंबलेली गल्ली. काकूंनी शेंगा परातीत ओतल्या, हात फिरवला आणि लगेच काकांना फोन लावून माझ्या हातात दिला. मागे कुठेतरी पंपाचा आवाज येत होता.

"दाणे कसे आहेत?" त्यांनी विचारलं. नमस्कार-चमत्कार नाही.

मी एक शेंग फोडली. "भरलेत, काका. तीन-तीन दाणे आहेत."

 पंप बंद झाल्याचा आवाज आला. मला वाटलं फोन कट झाला.

"काका?"

"आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "हिला द्या जरा."

काकूंनी फोन कानाला लावला. त्या नुसत्या हं, हं करत होत्या. मला काकांचा आवाज फोनबाहेरपर्यंत ऐकू आला, घरच्या अहिराणीत, हळू: "समद्या खाऊ नको. थोड्या बियाणाले ठेव."

त्यानंतर त्यांचं माझं बोलणं झालं नाही. पुढे काकूही त्यांच्याकडे गेल्या आणि त्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं. पण त्या दुपारी फोन ठेवल्यावर काकू परात घेऊन गॅलरीत बसल्या. गावाकडे त्यांचं हातभरही शेत उरलं नव्हतं, आणि गॅलरीत तुळशीची एक कुंडी तेवढी होती. मी हे त्यांना सांगायची गरज नव्हती. त्या एकेक शेंग उचलून कानाशी हलवत होत्या, आणि टपोऱ्या भरलेल्या शेंगा वेगळ्या काढून पदरात टाकत होत्या.