नवाबची वजाबाकी

हिवरखेडच्या निखतबींची शाळा ओसरीत भरायची, पट एक. पाय मोडून घरी बसलेल्या फलकला पुस्तकापेक्षा नवाब नावाचा बोकड प्यारा. म्हणून निखतबी लेकीला घड्याळ अजानच्या वेळांवरून शिकवत अन् वजनमाप नवाबच्या चाऱ्यावरून.

दोन हजार सहाची बकरी ईद अकरा जानेवारीला आली. कपाशी बुडालेली, त्यामुळं कुर्बानीला घरचा नवाबच ठरला. हे ठरलं त्या दिवशी धडा वजाबाकीचा होता.

"अब्बा, कुर्बानीचा बोकड पुरा एक वर्षाचा लागते ना?" फलकनं पाटी पुढं केली. "नवाब जन्मला सोळा जानेवारीले. पाच दिवस कमी भरतेत."

अब्दुल रहीमनं बियाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर काढून पाटी दोनदा तपासली. "इले शिकवून राहिली का वकील करून राहिली?"

"गणित बरोबर हाये," निखतबी म्हणाल्या.

बरोबरच होतं, त्या कॅलेंडरनं. कुर्बानीचं वर्ष मात्र चांदाचं, दहा-अकरा दिवसांनी लहान. त्या हिशेबानं नवाब ईदेआधीच वर्षाचा भरत होता. चांदाचं वर्ष हा निखतबींच्या वहीत पुढचाच धडा होता.

तो त्यांनी ईदनंतर घेतला.