कानसेन आणि मेव्हण्याचा डबा

कानसेनांना माणसांचा वीट आला होता आणि तो लपवण्याइतका सभ्यपणा त्यांच्यापाशी कधीच नव्हता. मचमच आवाज करत जेवणारी माणसं, फोन स्पीकरवर टाकून चारचौघांत बोलणारी माणसं, गाणं लावून त्याच्यावर गप्पा हाणणारी माणसं... सगळ्यांना त्यांचा एकच शेरा असे. "शी! कान आहेत की चष्मा अडकवायच्या खुंट्या?"

बरं, तसं बोलायचा त्यांना हक्क होता. पंख्यांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलाशी त्यांचं उभं आयुष्य गेलेलं. जोडून तयार झालेला पंखा त्यांच्यासमोर टांगायचा, बटण दाबायचं, आणि कानसेन डोळे मिटून ऐकणार. बेअरिंग कोरडं असो, पातं केसभर वाकलेलं असो, त्यांच्या कानातून काही सुटत नसे. अंगठा वर झाला की पंखा खोक्यात, खाली झाला की परत मागे. एकदा साहेबांनी या कामाला मशीन आणून बसवलं होतं. मशीनने पास केलेला पंखा कानसेनांनी नापास केला, आणि उघडून बघितलं तर बेअरिंगमधली गोळी तडकलेली! मशीन गाशा गुंडाळून परत गेलं आणि 'कानसेन' हे नाव त्यांना जन्माचं चिकटलं. घरीदारी, अगदी सासुरवाडीतसुद्धा.

अलीकडे मात्र दुकानदारांच्या तक्रारी यायला लागल्या होत्या. पंखे बारीक शिट्टी मारतात म्हणे. कानसेनांनी त्या उडवून लावल्या. "दिवसभर कानात इअरफोनची बोंडं खुपसून बसायचं आणि मग पंख्याला नावं ठेवायची! कान सडलेत लोकांचे." साहेबांनी मान डोलावली. कानसेनांनी पास केलेल्या पंख्याबद्दल कोण कशाला बोलेल?

घरात त्यांचं सुख एकच, त्यांचा जुना सीडी प्लेअर. सुट्टीच्या सकाळी खिडक्या लावून घ्यायच्या, सतारीची एखादी सीडी घालायची आणि कोणाचंही थोबाड न बघता बसायचं. त्या सुखात माती कालवायला एका सुट्टीला मेव्हणा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ, दर महिन्याला नवं खूळ डोक्यात घेऊन फिरणारा. सोबत शेजारचा औषधवाला, फुकटचा श्रोता. मेव्हण्याच्या हातात साबणाच्या वडीएवढा एक काळा डबा होता.

"भावोजी, हा डॅक. सीडीवर काही आवाज नसतो, नुसते आकडे असतात. त्यांचा आवाज करणारी तुमच्या प्लेअरमधली चिप आता म्हातारी झाली. यापुढे ते काम हा डबा करणार. प्लेअरने फक्त सीडी फिरवायची."

"म्हणजे माझ्या प्लेअरचा पंखा केलास की रे!"

मेव्हणा कसला ऐकतोय! त्याने प्लेअरच्या पाठीतून एक तार डब्यात नेली, डब्यातून दुसरी अॅम्प्लिफायरमध्ये, आणि डब्याचं चार्जरसारखं अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसलं. जुनी जोडणी तशीच ठेवली. अॅम्प्लिफायरचं बटण एकवर असलं की नुसता प्लेअर वाजणार, दोनवर नेलं की डबा.

एकवर सतार वाजली. मग मेव्हण्याने बटण दोनवर नेलं आणि डोळे मिटून मान हलवायला लागला. "आहाहा! पडदा उठला बघा!"

"बोटं दिसतात हो वाजवणाऱ्याची," औषधवाला म्हणाला.

कानसेनांना काडीचाही फरक कळला नव्हता. या दोन ठोंब्यांना ऐकू येतं आणि आपल्याला नाही? कान गेले तर आपल्यापाशी उरतं काय? हात तर काय, कोणालाही असतात. पण भीती गिळून टाकायची त्यांची एक सोपी रीत होती, ती म्हणजे समोरच्याचा तिटकारा करायचा. त्यांनी तोच केला.

"दोघंही भिंतीकडे तोंड करून बसा," ते म्हणाले. "मी बटण फिरवतो, तुम्ही सांगा."

दोघं शिक्षा झालेल्या पोरांसारखे बसले. कानसेनांनी बटण पुन्हा एकवर आणलं आणि त्यानंतर त्याला बोटसुद्धा लावलं नाही. नुसतंच विचारत राहिले, "आता?"

"डबा! लगेच कळतं."

"आणि आता?"

"हा प्लेअर. कसा कोंदट येतोय बघा," औषधवाल्याने नाक मुरडलं.

"वळा इकडे," कानसेन म्हणाले. "बटण मी हलवलेलंच नाही. लाज कशी वाटत नाही रे? ऐकू येत नाही तर गप्प बसावं! खोटी वाहवा करायची, किळस येते मला तुमची!"

मेव्हण्याचं तोंड एवढंसं झालं. औषधवाला चपला शोधायला लागला. तेवढ्यात बायको हात पुसत आतून आली.

"संपलं का तुमचं? मग त्या डब्याची शिट्टी तरी बंद करा. डोकं उठलंय माझं."

"कसली शिट्टी?"

"ही काय, बारीक कीं करतेय ती. त्या भिंतीतल्या अडॅप्टरची. मघापासून चालू आहे."

कानसेनांनी मेव्हण्याकडे बघितलं. तो खाली बघत पुटपुटला, "येते थोडी, ताई म्हणते तशी. पण भावोजी, तुम्ही काही बोलला नाहीत, म्हटलं नसेल."

"मलाही वाटलं, माझ्याच कानात वाजतंय," औषधवाला म्हणाला.

कानसेनांनी सतार बंद केली आणि अडॅप्टरला कान लावला. काहीही नाही. दोघं पाहुणे केव्हा सटकले ते त्यांना कळलंही नाही. मग ते स्वतः भिंतीकडे तोंड करून बसले.

"ते चालू-बंद कर. मी सांगतो," ते बायकोला म्हणाले.

तिने केलं. ते सांगत गेले आणि चुकत गेले. शेवटी तिनेच हात थांबवला.

"अहो, पुरे आता."

"अशी शिट्टी आणखी कशाची येते?"

ती अडॅप्टर काढून त्याची तार गुंडाळायला लागली. त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "आपल्या खोलीतल्या पंख्याची. लावला त्या दिवसापासून. तुम्ही कारखान्यातून कानाने निवडून आणलेला. मी कोण बोलणार?"

दुसऱ्या दिवशी ते कारखान्यात टेबलाशी बसले. पंखे टांगणारी बाई कित्येक वर्षं त्यांच्या जोडीला होती. तिने पंखा टांगला, बटण दाबलं. कानसेनांनी डोळे मिटले. वाऱ्याची घरघर होती, त्यापलीकडे कशी छान शांतता! त्या शांततेची त्यांना शिसारी आली.

"बाई, शिट्टी येते का?"

बाईने पंख्याकडे बघितलंच नाही. तिने त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं. "तुम्ही म्हणाल तसं, दादा."

"शी!" कानसेन म्हणाले, आणि ते बाईला नव्हतं. त्यांनी अंगठा मुठीत दाबून धरला. "माझ्याकडे बघू नका. ऐका आणि खरं सांगा."

बाईने पंख्याकडे कान केला. "येते," ती म्हणाली. "परवाच्यांनाही येत होती. त्याच्या आधीच्यांनाही."

कानसेन स्टुलावरून उठले आणि त्यांनी ते तिच्याकडे सरकवलं.

"बसा इथे," ते म्हणाले. "पंखा मी टांगतो."